तारामतीवहिनीचं बोलणं

हैदराबादच्या गौलीगुड्यातले निम्मे लोक आमच्या तारामतीवहिनीला मुकी समजायचे. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं भाकरीचं दुकान. दुकान कसलं, आमच्याच घराची ओसरी, दोन चुली आणि गिऱ्हाइकाला टेकायला एक बाकडं. तेलुगू गिऱ्हाइकांनी तिचं नाव ‘मूगम्मा’ पाडलं होतं, म्हणजे मुकी आई. येणारा माणूस आधी दोन बोटं दाखवायचा, मग भाकरी थापल्याची खूण करायचा, मग पोटावर हात फिरवायचा. मला असला संताप यायचा. "अहो, तिला ऐकू येतं, बोलताही येतं, तोंडानं मागा की नीट," मी आतून ओरडायची. वहिनी माझ्याकडे बघून मान हलवायची, जाऊ दे म्हणून, आणि निमूट दोन भाकरी कागदात गुंडाळून द्यायची.

आता मी ओरडणार नाही तर कोण? घरात बोलायचा मक्ता माझ्याकडेच. आमचे हे म्हणतात, नणंद-भावजयींना मिळून देवानं जेवढं बोलणं दिलं होतं, ते सगळं इंदूनं एकटीनंच उचललं. त्यांचं नाव हिम्मतराव. नाव हिम्मतराव आणि पाल दिसली की बाजेवर उभे राहतात. पण माणूस सोन्यासारखा, हे मी त्यांच्या पाठीमागं कबूल करते.

खरं सांगायचं तर वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्यापुढं मीच मुकी होते. देगलूरकडची ती. आमचं गावही त्याच बाजूचं, निजामाच्या वेळी हैदराबाद संस्थानातलं. माझा थोरला भाऊ एकनाथ, त्याची ही बायको. काय तोंड होतं तिचं. सकाळी उठली की आधी कोंबड्यांना फैलावर घ्यायची, मग शेजारणीच्या धुण्याला, मग माझ्या वेणीला. जिभेला हाड नव्हतं, पण विषही नव्हतं. दादाला तर तिचं बोलणं ऐकायची चटकच लागली होती. मुद्दाम चिखलाच्या पायांनी चुलीपाशी यायचा आणि ती सुरू झाली की उंबऱ्यावर बसून हनुवटीखाली हात घेऊन ऐकायचा. मध्येच म्हणायचा, "ते परवाचं राहिलं की." मग परवाचं सुरू. आई म्हणायची, असला जोडा मी जन्मात पाहिला नाही.

एकदा काय झालं, दादा देगलूरच्या बाजाराला गेला. वहिनीनं बांगड्या सांगितल्या होत्या. हा पठ्ठ्या आला तो नव्या बैलासाठी घुंगरमाळ घेऊन. बांगड्या विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या ते ध्यानात आलं आणि झालं सुरू. "बैलाला घुंगरं अन् मला काय, कडबा? माणूस हाय का धोंडा? एक दिवस बोलून बोलून तुमचं काळीज फाडते का नाही बघा." शेजारपाजारच्या बायका भिंतीपलीकडून ऐकत होत्या, हसत होत्या. दादाही हसला आणि माळ घेऊन गोठ्यात गेला.

बैल नवा, त्याला घुंगरांची सवय नाही. गळ्यात माळ वाजली तसा तो बुजला. मान झटकून त्यानं दादाच्या छातीत डोक्यानं धडक दिली आणि दादाला दगडी गव्हाणीवर दाबलं. आमच्या सालगड्यानं हे पाहिलं. त्यानं बैल ओढला, दादा उठला, अंगावरचा कडबा झटकला आणि हसला. घरात आला, पाणी मागितलं. वहिनीनं तांब्या आदळतच दिला, राग होता ना. भिंतीला टेकून बसला. परत पाणी मागितलं. मग वहिनीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं तर ते राखेसारखं झालेलं. घाम सुटलेला. दिवस मावळायच्या आत दादा गेला.

अंगावर ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही. एवढ्या धडधाकट गड्याला झालं काय? सालगड्यानं बैलाचं सांगितलं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. बैल कुणाला ढुशी देत नाहीत? गावातल्या म्हाताऱ्या जाणत्यानं छातीला हात लावला आणि सांगितलं, काळीज फाटलं. एवढंच तो म्हणाला. पण सकाळचं वाक्य भिंतीपलीकडच्या बायकांनी ऐकलं होतं. कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच गाठ पडली. रात्र पडेपर्यंत गावभर झालं, तारामती नवऱ्याचं काळीज फाडते म्हणाली आणि फाडलं. आईनं तिला कधी शिवी दिली नाही, हात लावला नाही. एकदाच म्हणाली, "बोललीस तसं केलंस, बाई."

त्या दिवसापासून वहिनीचं तोंड मिटलं ते मिटलं. आधी वाटलं, दुःख आहे, होईल कमी. वर्ष गेलं, दोन गेली. हो, नाही, घे, ठेव, एवढंच. माझं लग्न ठरलं तेव्हा मी तिला म्हटलं, "अगं, आता तरी मला चार शब्द शिकवून पाठव, सासरी भांडायला." ती धुणं पिळत होती. म्हणाली, "माझं तोंड लागतं, इंदे. नको." मी हसण्यावारी नेलं, पण ती हसत नव्हती. तेव्हा मला कळलं की गाव काय म्हणतं याचं तिला काही नव्हतं. तिचं तिनंच ते खरं मानलं होतं. ज्याच्यावर माया आहे त्याला आपण बोललो तर तो मरेल, अशी भीती तिच्या मनात घट्ट बसली होती. मी समजावलं, रागावले, शपथा घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला ती हैदराबादला आली ती राहिलीच. आणि खोटं कशाला बोलू, मजेत राहिली. कुणाला वाटेल विधवा बाई, तोंड मिटलेली, म्हणजे कुढत असेल. छे. भाकरी थापताना ती मान डोलवायची. माझी दोन्ही पोरं तिच्या मांडीवर वाढली. विनोद झाला की आवाज न करता हसायची, नुसते खांदे हलायचे, आणि ते हलणारे खांदे बघून आम्हीच जास्त हसायचो. बेगमबाजारात ज्वारी घ्यायला गेली की एक दाणा दाताखाली धरायची आणि दुकानदाराकडं नुसती बघत उभी राहायची. मी घासाघीस करून थकायची, आणि हिच्या नजरेनं तो शेठ आपणहून भाव उतरवायचा. नांदेड-देगलूरकडची कॉलेजची पोरं, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, बाजारातले हमाल, सगळे तिच्या भाकरीवर जीव टाकायचे. कुणी उपाशी आहे हे तिला न सांगता कळायचं. पान खायची, दुपारी रेडिओ ऐकायची, संध्याकाळी ओसरीवर बसून रहदारी बघायची. तिचं छान चाललं होतं. फक्त बोलायची नाही.

नव्वद सालानंतर सगळीकडं उलथापालथ झाली. हे एका सरकारी कारखान्यात साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. बाजार खुला झाला म्हणे, आणि कारखान्यानं सांगितलं, खुशीनं नोकरी सोडा. खुशी कसली? मला तर रडू आवरेना. रडू थांबलं की मी यांच्यावर तोंड टाकायची आणि ते झालं की परत रडायची. हे बाकड्यावर बसून राहिले. वहिनीनं गरम भाकरी आणि ठेचा त्यांच्यापुढं ठेवला आणि माझ्याकडं डोळे वटारून बघितलं. मी गप्प झाले.

पण बघा, ज्या वाऱ्यानं नोकरी नेली त्यानंच पोट दिलं. आधी लोक स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. आता बँकवाले घरी येऊन गाडी घ्या म्हणायला लागले. गाडी दारात येऊन उभी, पण चालवायची कुणी? यांनी एक जुनी फियाट घेतली, तिच्यावर पाटी चढवली, ‘हिम्मत मोटार ड्रायव्हिंग स्कूल’. यांचा भित्रा स्वभाव इथं कामाला आला. दुसरे मास्तर बायकांवर खेकसायचे. हे स्वतःच घाबरलेले असल्यानं म्हणायचे, "आराम से अम्मा, आराम से." तारनाक्यापासून सिकंदराबादपर्यंत साहेबांच्या बायका यांच्याकडंच शिकायला लागल्या. मी त्यावर थोडं बोललेही, पण ते जाऊ दे.

त्यातल्याच एक पद्मावतीगारू, गारू म्हणजे तेलुगूत ‘बाई’. तारनाक्याला राहायच्या, यजमान रेल्वेत मोठे अधिकारी. बाई देवभोळ्या आणि मोठ्या घाबरट. यांच्यासारखाच दुसरा जीव, म्हणून यांना त्यांची फार काळजी. एका सकाळी शिकवणी चालू असताना गाडीपुढं कुत्रं आडवं आलं. पद्मावतीगारूंनी ब्रेक समजून दुसरंच दाबलं. यांच्या पायापाशी मास्तरचा वेगळा ब्रेक होता, पण कुत्र्याला वाचवायच्या नादात हे दोन्ही हातांनी स्टिअरिंगकडं झेपावले. कुत्रं वाचलं. गाडी लिंबाच्या झाडावर गेली आणि यांची छाती समोरच्या पत्र्यावर आपटली. तेव्हा पट्टे-बिट्टे कोण बांधत होतं?

बाई ढसाढसा रडायला लागल्या. यांनी त्यांना उतरवलं, टपरीवर चहा पाजला, घरी सोडलं. गाडी मेकॅनिकच्या ताब्यात दिली आणि सिटी बसनं घरी आले. हसत आले. बाकड्यावर टेकले आणि वहिनीला म्हणाले, "वहिनी, आज झाडाला ड्रायव्हिंग शिकवलं. पाणी द्या जरा." पाणी प्यायले. मग म्हणाले, "अजून द्या."

मी आत भाजी चिरत होते. तवा पडल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले तर वहिनी यांच्यापुढं उभी आणि पिठाच्या हातानं यांची हनुवटी वर धरलेली. आयुष्यात तिनं यांना कधी बोट लावलं नव्हतं.

"छातीला लागलं का?" ती म्हणाली.

मला आधी वाटलं, दुसरीच कुणी बाई आलीय. आवाज घोगरा झाला होता न वापरून. हे चक्रावले. म्हणाले, "थोडंसं. गाडीचा पत्रा लागला."

"उठा. दवाखान्यात."

चुली तशाच टाकून आम्ही रिक्षा केली. मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं एक तरुण डॉक्टर होता, जुन्या शहरातला, हैदराबादी बोलणारा, अगदी अदबशीर पोरगा. त्यानं छातीचा फोटो काढला, ठोक्यांची ती ईसीजीची पट्टीही काढली. बरगडी मोडली नव्हती. पट्टीत म्हणे धडधड जरा जास्त होती, पण ती घाबरल्यानं. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाला, घरी न्या, आराम करू दे. माझा जीव भांड्यात पडला. मी पदर सावरून निघालेसुद्धा.

वहिनीनं डॉक्टरचा हात धरला. त्याच्या पांढऱ्या कोटावर पिठाची बोटं उमटली. आणि मग ती बोलली. भाकरीच्या गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून तिला दखनी येत होती हे मला त्या दिवशी कळलं. "घर कू नक्को भेजो. इनका काळीज फाटलंय. मेरा आदमी ऐसाइच गया. हसते हसते आया, पानी मंग्या, फिर पानी मंग्या, शाम कू गया. कुछ नै लग्या था ऊपर से. काळीज फट्या उनका, काळीज."

"कलेजा?" डॉक्टरनं विचारलं.

"हौ, कलेजा," वहिनी म्हणाली.

"कलेजा फटा, ये कौन बोला था?"

"सब गाव बोल्या."

डॉक्टर पोरग्यानं यांना परत आडवं केलं आणि उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, पोटावर दाबलं. हे "आई गं" म्हणून कळवळले. डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. त्यानं हातातली गोळ्यांची चिठ्ठी फाडली आणि म्हणाला, पोटाची सोनोग्राफी करू, आत्ताच. मला वाटलं, छातीला लागलंय तर हा पोटाच्या मागं का लागलाय? पण डॉक्टरपुढं काय बोलणार?

ती सोनोग्राफीची मशीनं तेव्हा नवी नवी आली होती. अंधारी खोली, टीव्हीसारखा पडदा, पोटावर गार चिकट काहीतरी लावलेलं. मशीनवाला डॉक्टर म्हणाला, "कलेजा तो ठीक है." मग त्यानं ते हातातलं यंत्र छातीच्या हाडाखाली जरा वर वळवलं आणि एकदम बोलायचा थांबला. त्यानं दारातल्या माणसाला काहीतरी इंग्रजीत सांगितलं आणि तो माणूस पळत गेला. दवाखान्यात माणसं पळायला लागली की काय समजायचं ते आपण समजतोच. यांना चाकाच्या खाटेवर घालून नेलं. जाताना यांनी माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न केला. मला ते हसू बघवलं नाही.

आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. भर दुपार होती. वहिनीच्या हाताचं पीठ वाळून पांढरं झालं होतं. ती ते खरवडत होती आणि हलत होती, पुढं-मागं, पुढं-मागं. मग म्हणाली, "इंदे, मी पुन्हा तेच बोलले गं."

"काय तेच?"

"काळीज फाटलं म्हणाले. माझ्या तोंडानं म्हणाले. त्यांच्या देखत. आता हे बी जातील."

मी आयुष्यभर तिच्या मागं लागले होते, बोल गं बाई, बोल. आणि त्या बाकावर पहिल्यांदा मला तिला सांगावंसं वाटलं, गप्प बस. कारण त्या घटकेला, देवाशपथ सांगते, मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मी तिचा हात घट्ट धरला. माझ्यासारखीला शब्द सापडू नये म्हणजे काय वेळ असेल बघा.

उन्हं उतरायला लागली तेव्हा मोठे सर्जन बाहेर आले. वयस्क होते, तोंडावरचं फडकं गळ्यात लोंबत होतं. "बच गए," ते आधी म्हणाले, मग बाकीचं. ती त्यांची रीत मला फार आवडली. काही लोक आधी सगळी कथा सांगतात आणि तोवर बाईचा जीव जातो.

त्यांनी समजावलं ते असं. काळजाभोवती एक पिशवी असते. छातीला जोराचा मार बसला की कधी कधी वरून काही दिसत नाही, हाडही मोडत नाही, पण आत काळजाला चीर जाते. रक्त त्या पिशवीत साचतं आणि काळजालाच आवळत जातं. माणूस चालतो, बोलतो, हसतो, पाणी मागतो, आणि मग एकाएकी जातो. यांच्या काळजाला अशीच छोटी चीर गेली होती. छाती उघडून रक्त काढलं आणि चीर शिवली. मग त्यांनी विचारलं, "कलेजा किसने बोला था?"

मला वाटलं आता वहिनीची खरडपट्टी. मी लगेच पुढं झाले, म्हटलं, आम्ही दोघीही बोललो. ते हसले. म्हणाले, "अम्मा, तुम्ही मराठी लोक दिलाला काळीज म्हणता ना? आमच्याकडं कलेजा म्हणजे ते वेगळं. नाश्त्याला हॉटेलात मिळते ती कलेजी, बरगडीखालची." ते ऐकून माझ्या डोक्यात उजेड पडला. डॉक्टर पोरगा पोटाच्या मागं लागला तो म्हणूनच. वहिनी म्हणत होती दिल, आणि तो समजत होता यकृत. त्यानं यकृत बघायला पोटावर यंत्र फिरवलं, आणि यकृताच्या मागून ती रक्तानं भरलेली पिशवी दिसली. सर्जन म्हणाले, तुम्ही जर ‘दिल’ म्हणाला असता, तर त्याच्याकडं काढलेली पट्टी होती, ती बघून त्यानं तुम्हाला घरी पाठवलं असतं. आणि घरी, त्यांनी हाताची खूण केली, म्हणजे खेळ खलास.

ते वळले होते. मला राहवेना. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, बैलानं छातीत डोकं मारलं, माणूस हसत घरी आला, पाणी मागितलं आणि संध्याकाळी गेला. तेही असंच का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वहिनीकडं. वहिनीची मान खाली होती. ते तिच्या शेजारी बाकावर बसले, अगदी घरच्यासारखे. म्हणाले, "असंच. बैल असो की मोटार, छातीला कळत नाही कशानं मारलं. आणि गावात त्या दिवशी कुणी काही करू शकलं नसतं. शहरातही बहुतेक लोक आमच्यापर्यंत पोचत नाहीत."

"आणि बोलण्यानं?" मी विचारलं. "बायको सकाळी भांडली, टाकून बोलली, त्यानं फाटतं का?"

ते आधी समजले नाहीत. मग समजले. हसायचं तोंड केलं आणि मग वहिनीकडं बघून ते हसू आवरलं. "अम्मा," ते हळूच म्हणाले, "बातां से फटता तो हैदराबाद में एक मर्द नै बचता."

वहिनी उठली, नळापाशी गेली आणि हात धुवायला लागली. किती वेळ धूत होती. मी पाठीमागं उभी राहून तिचे खांदे हलताना बघत होते. त्या वेळी ती हसत नव्हती.

हे बरे होऊन घरी आले. छातीवर मधोमध उभी शिवण. मला वाटलं, आता वहिनी धबधब्यासारखी बोलणार. छे. एवढ्या वर्षांची सवय, ती काय डॉक्टरच्या एका वाक्यानं सुटते? फार तर "घे" च्या ऐवजी "घे गं" म्हणायला लागली. मी पुन्हा चिडचिड करायला लागले. हे म्हणायचे, "राहू दे. तिचं ती बघेल."

तिकडं पद्मावतीगारूंनी शपथ घेतली होती की जन्मात गाडीला हात लावणार नाही. देवळात जाऊन यांच्या नावानं नारळ वाढवत होत्या. यांना ते सहन होईना. एक दिवस मी बाजारातून आले तर हे इस्त्रीचा शर्ट घालून, हातात गाडीची किल्ली घेऊन हळूच ओसरीवरून उतरत होते. चोरून एसटीडीवरून फोन करून त्या बाईंना शिकवणीला बोलावलं होतं. डॉक्टरांनी अजून जिना चढायला परवानगी दिली नव्हती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी उठली.

"कुठं निघालाव?"

"इथंच, जरा..." हे म्हणाले.

"जरा? जराचं काय राहिलंय तुमच्यात? अर्धा माणूस तर डागदरानं शिवून ठेवलाय. लाज हाय का? पालीला भिता अन् झाडावर गाडी घालता? ती बाई तिकडं देवाला नारळ फोडायली, ही पोरगी इकडं झुरायली, अन् तुम्हाला शर्टाला इस्त्री सुचली? कोण नवरदेव बघायला येणार हाय तुम्हाला?"

गल्ली थांबली. बाकड्यावरचा कंडक्टर घास हातात धरून उठून उभा राहिला. "मूगम्मा माट्लाडिंदि," तो शेजारच्याला म्हणाला, मुकी बोलली. लोक दारात आले. मला तर गावाकडची ती सकाळच परत आल्यासारखं वाटलं. तोच आवाज, तोच ठेका. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी हसत होते.

"तुमच्या असल्या वागण्यानं एक दिवस माझंच काळी..." वहिनी म्हणाली आणि तिथंच तुटली. तोंडावर हात ठेवला. तिची नजर यांच्या छातीवर गेली आणि तिथंच राहिली.

यांना कळलं. यांनी किल्ली बाकड्यावर ठेवली, दोन पावलं तिच्याकडं आले. "थांबू नका वहिनी," हे म्हणाले. "टाके पक्के घातलेत. बोलण्यानं उसवत नाहीत."

मग वहिनीनं हात खाली घेतला आणि ती बोलायला लागली, पण आता आवाज निराळा होता, हळू होता.

"बैलानं मारलं तर सांगायचं होतं की. नुसतं पाणी काय मागता? हसता काय? मी गाडी जुंपली असती. गावभर ओरडत फिरले असते. देगलूरला नेलं असतं, नांदेडला नेलं असतं. मी एवढं बोलायचे, सकाळपासून रातीपर्यंत बोलायचे, अन् तुम्हाला एक वाक्य बोलता येत नव्हतं? दुखतंय म्हणून एवढं सांगता येत नव्हतं? राग आला होता मला. तांब्या आदळला मी. सांगितलं असतं तर आदळला असता का?"

आमचे हे, जे आजवर कुणाच्या बोलण्यापुढं उभे राहिले नाहीत, ते हलले नाहीत. ती कुणाला बोलतेय हे त्यांना ठाऊक होतं. मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"चुकलं," हे म्हणाले.

वहिनी खाली बसली, पदरानं डोळे पुसले आणि चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मग तवाच म्हणायचं होतं की," ती म्हणाली.